दाबलेल्या कळा पडद्यावर दाखवताना: नव्या प्रशिक्षकांसाठी मार्गदर्शन

एक्सेलमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एल या तीन कळा एकदम दाबल्या की तक्त्याच्या शीर्षकांमध्ये फिल्टरची छोटी बटणे येतात. शिकवणाऱ्याच्या हाताला ही सवय इतकी जडलेली असते की आपण काही दाबले हे त्याच्या लक्षातही राहत नाही. समोरच्यांना मात्र बटणे आलेली दिसतात, ती कशामुळे आली ते दिसत नाही. माउसने केलेल्या कामाचा माग डोळ्यांना काढता येतो, कारण पॉइंटर सरकतो, मेनू उघडतो, त्यातली एखादी ओळ निवडली जाते. कीबोर्डवरच्या कामाचा फक्त परिणाम दिसतो. "आत्ता काय दाबलंत?" असे विचारणारा एखादाच असतो आणि न विचारता मागे राहणारे बरेच असतात.

दाबलेल्या कळांची नावे पडद्याच्या एका भागात ठळक अक्षरांत उमटवणारी छोटी साधने यासाठीच तयार झाली आहेत. त्यांतली बरीच मोफत आहेत आणि ती बसवायला फारसा वेळ लागत नाही. नवखा प्रशिक्षक चुकतो तो बसवण्यात नव्हे. तो दाबलेले सगळेच दाखवत सुटतो, आणि शिकणारे ज्या पडद्यावर बघत आहेत तिथे ते खरोखर पोहोचते की नाही हे तपासत नाही. पुढचे विवेचन मुख्यतः या दोन चुका टाळण्यासाठी आहे.

काय दाखवायचे ते आधी ठरवावे

असे साधन पहिल्यांदा सुरू केले की पुष्कळदा प्रत्येक कळ दिसू लागते. एखादे वाक्य टाइप केले की त्यातले एकेक अक्षर, मधली प्रत्येक मोकळी जागा आणि चुकून टाइप होऊन खोडलेले प्रत्येक अक्षर खालच्या पट्टीत धावू लागतात. हे वाक्य दस्तऐवजात उमटलेले सर्वांना दिसतच असते, त्यामुळे तेच पुन्हा खाली दाखवून काही साधत नाही; उलट त्या धावपळीत मधेच आलेला कंट्रोल+एस कोणाच्या नजरेत भरत नाही. म्हणून साधनाच्या सेटिंगमध्ये फक्त शॉर्टकट दाखवण्याचा, म्हणजे कंट्रोल, ऑल्ट, कमांड यांच्या जोडीने दाबलेल्या कळाच दाखवण्याचा पर्याय असेल, तर तो सर्वप्रथम चालू करावा. लेखा, कार्यालयीन कामकाज, संकेतस्थळ-निर्मिती अशा बहुतेक विषयांसाठी एवढे पुरेसे असते.

याला अपवाद आहेत. विमसारख्या मजकूर-संपादक सॉफ्टवेअरमध्ये सुटी अक्षरे हीच आज्ञा असते. डी दोनदा दाबले की पूर्ण ओळ पुसली जाते. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये जी दाबल्यावर वस्तू हलवता येते, आर दाबल्यावर फिरवता येते आणि एस दाबल्यावर तिचा आकार बदलता येतो. अशा विषयात फक्त शॉर्टकट दाखवण्याचा पर्याय चालू ठेवला तर शिकवण्याचा गाभाच झाकला जातो, म्हणून तिथे सर्व कळा दाखवाव्यात आणि मजकूर टाइप करण्याची वेळ आली की साधन थांबवावे.

साधन निवडताना

ज्या सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण द्यायचे आहे त्यातच ही सोय आहे का, हे आधी पाहावे. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या संपादकात कंट्रोल+शिफ्ट+पी दाबून कमांड पॅलेट, म्हणजे आज्ञा शोधण्याची चौकट, उघडावी आणि तिथे स्क्रीनकास्ट हा शब्द टाइप करावा. स्क्रीनकास्ट मोड चालू करण्याची आज्ञा समोर येते. ती दिल्यावर दाबलेल्या कळा खिडकीच्या खालच्या भागात मोठ्या अक्षरांत उमटतात आणि माउसच्या क्लिकभोवती वर्तुळही दिसते. इंटेलिजे आणि त्याच्या कुटुंबातल्या कोड संपादकांमध्ये प्रेझेंटेशन असिस्टंट नावाची सोय आहे, २०२३.३ या आवृत्तीपासून ती मूळ सॉफ्टवेअरमध्येच येते, त्यापूर्वी ती प्लगइन, म्हणजे जोडसाधन, म्हणून वेगळी घ्यावी लागे. तिचा विशेष असा की ती कळांबरोबर त्या कृतीचे नावही दाखवते आणि विंडोजवरचा व मॅकवरचा असे दोन्ही शॉर्टकट शेजारी शेजारी देऊ शकते. ईमॅक्स या मजकूर-संपादकासाठी कीकास्ट आणि ब्लेंडरसाठी स्क्रीनकास्ट कीज अशी जोडसाधने मिळतात.

अंतर्गत सोयीला पहिली पसंती देण्याचे कारण केवळ सोपेपणा हे नाही. ती फक्त आपल्या खिडकीतल्या कळा पाहते, त्यामुळे मधेच दुसरीकडे जाऊन कोणाला निरोप लिहिला किंवा ब्राउझरमध्ये पासवर्ड टाकला तरी तो तिच्यामार्फत उघड होत नाही. शिवाय तिने दाखवलेली अक्षरे त्याच खिडकीत रंगवलेली असतात, म्हणून ऑनलाइन सत्रात फक्त ती खिडकी शेअर केली तरी ती पलीकडे दिसतात. बाहेरच्या साधनांत या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत.

एकाच सत्रात अनेक सॉफ्टवेअर वापरायची असतील तर बाहेरचे साधन लागतेच. विंडोजवर कार्नॅक, मॅकवर कीकास्टर, एक्स११ (पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी प्रणाली) वापरणाऱ्या लिनक्सवर स्क्रीनकी ही मुक्त स्रोतातली रुळलेली नावे आहेत, आणि कीव्हिझ या साधनाच्या आवृत्त्या तिन्ही ठिकाणांसाठी निघतात. कोणतेही घेतले तरी ते त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या पानावरूनच उतरवून घ्यावे. या साधनांचे काम करण्याचे तंत्र आणि पासवर्ड चोरणाऱ्या कीलॉगरचे तंत्र मुळात एकच आहे: दोघेही संगणकावर दाबली जाणारी प्रत्येक कळ वाचतात. फरक फक्त पुढे काय केले जाते यात असतो. म्हणूनच काही वेळा अँटिव्हायरस अशा साधनावर आक्षेप घेतो, आणि म्हणूनच अनोळखी ठिकाणाहून आलेली प्रत बसवणे धोक्याचे असते.

कार्यालयाच्या संगणकावर काहीही नवीन बसवण्याची मुभा नसेल तर विंडोजमधला ऑन-स्क्रीन कीबोर्ड किंवा मॅकमधला कीबोर्ड व्ह्यूअर उघडावा. खऱ्या कीबोर्डवर दाबलेली कळ तिथल्या चित्रात उजळते. ही चित्रे पडद्यावर बरीच जागा खातात हे खरे. पण ज्यांना टॅब, एस्केप किंवा डिलीट नेमके कुठे आहे हेच माहीत नाही, अशा अगदी नवशिक्यांच्या वर्गात मला हीच पद्धत जास्त उपयोगी वाटते, कारण तिच्यात कळेच्या नावाबरोबर तिची जागाही कळते.

परवानग्या

हे काम सत्राच्या आदल्या दिवशी उरकावे. मॅकवर कीकास्टर पहिल्यांदा उघडल्यावर सिस्टिम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या विभागात जाऊन त्याला कळा वाचण्याची परवानगी द्यावी लागते. ती देऊनही काही दिसत नसेल तर साधन एकदा बंद करून पुन्हा उघडावे.

विंडोजवर वेगळी परवानगी लागत नाही, पण एक खोच आहे. शिकवायचे सॉफ्टवेअर प्रशासकाच्या अधिकाराने चालू असेल आणि कळा दाखवणारे साधन साध्या अधिकाराने, तर त्या सॉफ्टवेअरमध्ये दाबलेल्या कळा साधनाला पोहोचतच नाहीत. बाकी सर्वत्र व्यवस्थित चाललेले साधन नेमके एकाच खिडकीत मुके झाले तर कारण बहुधा हेच असते. साधनही प्रशासक म्हणून चालवले की प्रश्न सुटतो. लिनक्सवर आपले सत्र एक्स११ वर आहे की त्याच कामाच्या वेलँड या नव्या प्रणालीवर, हे पाहावे. वेलँडची रचनाच अशी आहे की एका प्रोग्रामला दुसऱ्या प्रोग्रामच्या कळा वाचता येत नाहीत, त्यामुळे तिथे स्क्रीनकी नीट चालत नाही. शो मी द की हे साधन मात्र जास्तीचे अधिकार मागून थेट कीबोर्डच्या उपकरणाकडूनच माहिती घेते, म्हणून ते वेलँडवरही चालते.

जागा, आकार आणि वेळ

कळांची पट्टी कुठे ठेवावी याचे सर्वत्र लागू पडणारे उत्तर नाही, पण कुठे ठेवू नये हे सांगता येते. एक्सेलमध्ये तळाशी शीटची नावे असतात, कोड संपादकात तळाशी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची जागा, असते, ऑनलाइन सत्रात तळाशी उपशीर्षके येतात आणि बाजूला सहभागींचे चेहरे असतात. ज्या भागाकडे तुम्ही शिकणाऱ्यांचे लक्ष वारंवार वेधणार आहात तो मोकळा राहील अशी जागा निवडावी आणि नंतर ती बदलू नये. काही वेळाने शिकणाऱ्यांची नजर आपोआप त्या कोपऱ्याकडे जाऊ लागते. सत्राच्या मधे पट्टी हलवली की ती सवय पुन्हा लावावी लागते.

अक्षरांचा आकार आपल्या डोळ्यांना थोडा बेढब वाटेल इतका मोठा असावा. सभागृहात शेवटच्या रांगेत जाऊन स्वतः वाचून पाहावे. ऑनलाइन सत्रात काही जण मोबाइलवरूनही जोडले गेलेले असतात, म्हणून दुसऱ्या खात्याने स्वतःच्या मोबाइलवरून सत्रात येऊन पाहणे हीच खरी चाचणी. गडद पट्टीवर पांढरी अक्षरे बहुतेक पार्श्वभूमींवर वाचता येतात. अर्धपारदर्शक पट्टी दिसायला छान असते, पण मागच्या मजकुरात मिसळते.

कळ किती वेळ दिसावी याकडे फार कमी लोक लक्ष देतात. व्हीएस कोडमध्ये ही वेळ मुळात ८०० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाहूनही कमी असते. खोलीत बसलेल्यांना ती कदाचित पुरेल. पण इंटरनेटवरून जाणारे चित्र उशिरा पोहोचते, मधेच अडखळते, आणि एवढ्यात शिकणारा वहीत खाली बघून पुन्हा वर पाहीपर्यंत कळ नाहीशी झालेली असते. माझ्या मते ऑनलाइन सत्रासाठी दोन ते तीन सेकंद ठेवावेत. त्याहून जास्त ठेवले तर आधीचा शॉर्टकट नंतरच्या शॉर्टकटशेजारी रेंगाळतो आणि दोन्ही मिळून एकच आज्ञा आहे असा गैरसमज होतो.

पासवर्ड

एका प्रशिक्षणात मी टर्मिनलमधून दूरच्या सर्व्हरला जोडून दाखवत होतो. टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना ताराचिन्हेसुद्धा उमटत नाहीत, आणि त्या कोऱ्या जागेच्या भरवशावर मी निर्धास्त होतो. खालच्या काळ्या पट्टीत मात्र प्रत्येक अक्षर टपोरे उमटत होते. पहिल्या रांगेतली एक मुलगी हळूच "सर, खाली दिसतंय" म्हणाली, तोवर तीन अक्षरेच राहिली होती. सत्राचे रेकॉर्डिंगही चालू होते.

मॅकवर पासवर्डच्या नेहमीच्या चौकटीत टाइप करताना सिक्युअर इनपुट नावाची व्यवस्था चालू होते आणि बाकीच्या प्रोग्रामांना त्या वेळी कळा मिळत नाहीत. विंडोजवर वेबपानातल्या किंवा प्रोग्राममधल्या पासवर्डच्या चौकटीला असे आपोआप संरक्षण नसते. प्रणालीवर विसंबण्यापेक्षा साधन थांबवण्याची कळ तोंडपाठ करावी, हे बरे. कार्नॅकमध्ये ती कंट्रोल+ऑल्ट+पी आहे. स्क्रीनकीमध्ये डावा आणि उजवा असे दोन्ही कंट्रोल एकत्र दाबतात. कीकास्टरमध्ये ती पसंतीनुसार ठरवता येते. थांबवल्यावर एखादी निरुपद्रवी कळ दाबून पट्टीत काही उमटत नाही ना, हे पाहावे आणि मगच पासवर्ड टाकावा.

याहून चांगली वाट म्हणजे सत्रात पासवर्ड टाकण्याची वेळच येऊ न देणे. लागतील त्या सर्व ठिकाणी सत्रापूर्वी लॉगिन करून ठेवावे, शक्य असेल तिथे पासवर्ड मॅनेजरला भरू द्यावे आणि प्रात्यक्षिकासाठी वेगळे खाते वापरावे. इतके करूनही पासवर्ड दिसलाच, तर रेकॉर्डिंगमधला भाग कापण्याच्या खटपटीत न पडता आधी पासवर्ड बदलावा. मी त्या दिवशी नेमके उलटे केले आणि रेकॉर्डिंग पुसण्यात अर्धा तास घालवला, तोवर जुना पासवर्ड तसाच चालू होता.

ऑनलाइन सत्रातली शेअरिंगची गफलत

बाहेरच्या साधनाने दाखवलेली पट्टी ही संगणकाच्या दृष्टीने एक वेगळी खिडकी असते. ऑनलाइन सत्रात केवळ एक्सेलची खिडकी किंवा ब्राउझरचा एकच टॅब शेअर केला तर ही पट्टी तुम्हाला व्यवस्थित दिसत राहते आणि पलीकडे कोणालाच दिसत नाही. प्रशिक्षक तासभर निश्चिंतपणे शिकवत राहतो, कारण त्याच्या समोर सगळे ठीक असते. बाहेरचे साधन वापरायचे असेल तर पूर्ण स्क्रीन शेअर करावी; आणि पूर्ण स्क्रीन शेअर करायची म्हणजे सूचनांचे फुगे, ईमेल आणि वैयक्तिक फाइली आधी दूर कराव्यात. दोन मॉनिटर असतील तर पट्टी शेअर केलेल्या मॉनिटरवरच उमटते आहे ना, हेही पाहावे. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या साधनाने रेकॉर्ड करतानाही हाच नियम आहे: विंडो कॅप्चरमध्ये (एकच खिडकी टिपताना) पट्टी येत नाही, डिस्प्ले कॅप्चरमध्ये (पूर्ण स्क्रीन टिपताना) येते.

केवळ रेकॉर्ड केलेला व्हिडिओ बनवायचा असेल, समोर कोणी बसलेले नसेल, तर मुळात ही पट्टी थेट दाखवण्याचा आग्रह कशाला, असेही मला वाटते. चित्रणात एकदा उमटलेली कळ नंतर पुसता येत नाही. कॅमटेशियासारख्या संपादन साधनात कळांची चित्रे नंतर हव्या त्या क्षणी आणि हव्या त्या जागी टाकता येतात.

शिकवताना

पट्टी दिसते म्हणून तोंडाने सांगणे सोडू नये. आधी कळांची नावे उच्चारावीत, मग त्या दाबाव्यात, मग क्षणभर हात थांबवावा. ज्याला पडदा नीट दिसत नाही, जो त्या क्षणी स्वतःच्या संगणकाकडे पाहत आहे किंवा ज्याचे चित्र अडखळले आहे, त्याला आवाजाचाच आधार असतो.

काही गोष्टी तर पट्टीला दाखवताच येत नाहीत. एक्सेलच्या सूत्रात संदर्भ पक्का करण्यासाठी एफ४ दाबतात. पण पुष्कळ लॅपटॉपवर त्यासाठी एफएन ही कळ धरावी लागते. ती कळ बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये कीबोर्डच्या पातळीवरच हाताळली जाते, त्यामुळे पट्टीत नुसते एफ४ दिसते. शिकणारा नुसते एफ४ दाबतो, त्याच्या लॅपटॉपचा आवाज किंवा प्रकाश कमी-जास्त होतो, आणि आपले काय चुकले हे त्याला समजत नाही. हे तोंडानेच सांगावे लागते.

दुसरा घोटाळा एकत्र दाबायच्या आणि एकामागून एक दाबायच्या कळांचा. एक्सेलमध्ये रकान्याची रुंदी मजकुराएवढी करण्यासाठी ऑल्ट, एच, ओ, आय या कळा एकेक करून दाबून सोडायच्या असतात. पट्टीत त्या ओळीने दिसतात, आणि नवशिका चार बोटे पसरून चारही कळा एकदम धरायचा प्रयत्न करतो. म्हणून "कंट्रोल धरून ठेवा आणि सी दाबा" आणि "ऑल्ट दाबून सोडा, मग एच" ही दोन वाक्ये सुरुवातीलाच वेगळी करून सांगावीत. तुम्ही मॅकवर आणि शिकणारे विंडोजवर असतील तर पट्टीत दिसणाऱ्या कमांड आणि ऑप्शन यांच्या खुणा त्यांना अनोळखी असतात. तिथे प्रत्येक वेळी विंडोजवरची कळ बोलून दाखवावी.

मराठी टंकलेखन शिकवायचे असेल तर साधन दाबलेली कळ दाखवते की उमटलेले अक्षर, हे आधी तपासावे. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डच्या मांडणीत "कर्म" लिहिण्यासाठी के, जे, डी आणि सी या कळा ओळीने दाबाव्या लागतात: के म्हणजे क, जे म्हणजे र, डी म्हणजे हलंत, सी म्हणजे म. पट्टीत "क र म" आणि मधे एक सुटे हलंत दिसले तर कोणती कळ दाबायची हे शिकणाऱ्याला कळत नाही. रोमन अक्षरे दिसली तर कळ समजते, पण तिच्यावर कोणते अक्षर आहे ते समजत नाही. या एका कामासाठी पट्टीपेक्षा देवनागरी मांडणी लावलेला पडद्यावरचा कीबोर्डच बरा, कारण त्यात कळ आणि अक्षर एकाच ठिकाणी दिसतात.

सत्र संपल्यावर साधन पूर्णपणे बंद करावे, आणि संगणक चालू होताच आपोआप सुरू होण्याचा पर्याय त्यात असेल तर तोही काढून टाकावा. नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या एखाद्या बैठकीत स्क्रीन शेअर करून तुम्ही सहकाऱ्याला निरोप लिहायला घ्याल, आणि तो एकेक अक्षराने सर्वांसमोर टपोरा उमटत जाईल.